नुकसान झालेली शिडाची यॉट ऑनलाइन लिलावात कशी विकावी

खडकावर आपटून कील (तळाखालचा जड कणा) हललेली किंवा वादळात डोलकाठी मोडलेली यॉट विकायला काढली की पहिल्या आठवड्यात चौकशीला येणारी माणसे बहुधा भंगाराचा भाव सांगणारी असतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही, कारण जे दिसते तेवढ्याचीच किंमत ते करतात. तळाच्या आत किती पाणी मुरले आहे, इंजिनात खारे पाणी गेले का, शिडे कितीदा वापरली, हे त्यांना ठाऊक नसते आणि जे ठाऊक नाही ते वाईटच असेल असे धरून ते चालतात. ओळखीच्या तीन नादुरुस्त बोटी लिलावात विकण्यात माझा हातभार लागला, त्यांतली एक आमच्या घरचीच होती. त्या अनुभवातून माझे मत पक्के झाले आहे की खरेदीदाराची जेवढी शंका आपण आधीच कागदावर आणि छायाचित्रांत मिटवतो, तेवढी बोली वर चढते. पुढचे सर्व काम या एका गोष्टीसाठी आहे.

लिलाव हाच मार्ग का निवडावा, तेही थोडक्यात सांगतो. धडधाकट यॉटचा बाजारभाव चार ठिकाणी विचारून कळतो. मोडलेल्या यॉटला तसा भाव नसतो, कारण तिची किंमत ती कोणाच्या हाती जाते यावर ठरते. स्वतःच्या हाताने फायबरचे काम करणाऱ्या माणसाला ती परवडते. त्याच बनावटीची बोट असणाऱ्याला फक्त तिची डोलकाठी आणि विंच (दोर ओढण्याच्या चरख्या) हवे असतात. असे दोघेतिघे नेरुळ-बेलापुरात सापडतीलच असे नाही, ते गोव्यात, कोचीत किंवा चेन्नईतही असू शकतात. त्यांना एकाच वेळी एकाच जागी आणण्याचे काम ऑनलाइन लिलाव करतो.

आधी कागद

बोट कायद्याने अजून आपलीच आहे का, हा पहिला प्रश्न आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही. विमा कंपनीने दुरुस्तीचा काही खर्च दिला असेल तर बोट आपलीच राहते. मात्र संपूर्ण नुकसान मानून पूर्ण रक्कम दिली असेल, तर सागरी विमा कायदा, १९६३ नुसार उरलेल्या बोटीवरचा हक्क ताब्यात घेण्याचा अधिकार विमा कंपनीला मिळतो. अशा वेळी कंपनीचे लेखी ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय लिलावाची जाहिरात करू नये. दावा अजून निकाली निघाला नसेल तर बोटीचे कोणतेही भाग काढण्यापूर्वी, अगदी मोडलेली तारसुद्धा टाकून देण्यापूर्वी, कंपनीच्या सर्वेक्षकाला विचारावे.

त्यानंतर नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. महाराष्ट्रात लहान यांत्रिक जलयानांची नोंदणी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे होते. अंतर्गत जलवाहतुकीचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आल्यामुळे जुन्या प्रमाणपत्रावरचा उल्लेख आणि आजचा अर्ज यांत फरक दिसू शकतो. आपली नोंदणी ज्या कार्यालयात असेल तिथे हस्तांतरणासाठी कोणते कागद लागतात, हे लिलाव सुरू होण्याआधी विचारून ठेवावे, कारण बोली लावणारा हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतो. बोट परदेशातून आणलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याचा पुरावा, म्हणजे बिल ऑफ एंट्री, शोधून ठेवावे. ते नसेल तर समंजस खरेदीदार मागे फिरतो आणि त्याचे बरोबर असते. युरोपात १९९८ नंतर विक्रीस आलेल्या बोटींवर चौदा अक्षरांकांचा हल क्रमांक, म्हणजे बोटीचा ओळखक्रमांक, असतो, तो बहुधा मागच्या फळीवर उजव्या बाजूला कोरलेला सापडतो. कागदावरचा क्रमांक आणि बोटीवरचा क्रमांक एकच आहे, याची खात्री स्वतः डोळ्यांनी करावी.

बोट व्यक्तीच्या नावावर आणि खासगी वापरातली असेल तर कराचा विषय बहुतेक सरळ असतो. कंपनीच्या नावावर असेल तर विक्रीवर वस्तू व सेवा कराचा प्रश्न येतो, आणि विहारासाठीच्या यॉटवर २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के आहे. एवढी मोठी रक्कम बोलीत धरलेली आहे की वेगळी, यावरून नंतर भांडण नको असेल तर सनदी लेखापालाशी आधी बोलून ते जाहिरातीतच लिहावे. बोट जिथे ठेवली आहे त्या यार्डाचे थकलेले भाडेही आधीच चुकते करावे. ते थकलेले असताना यार्ड बोट जागेवरून हलवू देईल, अशा भरवशावर कोणालाही तारीख देऊ नये.

नुकसानीची तपासणी

सर्वांत जास्त वेळ आणि शक्य असेल तर थोडे पैसेही इथे घालवावेत. विम्याच्या सर्वेक्षकाचा अहवाल दावा किती द्यायचा हे ठरवण्यासाठी असतो. बोट आज कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारा स्वतंत्र अहवाल वेगळा. नुकसान मोठे असेल आणि बोटीत काही जीव उरला असेल, तर स्वतंत्र सर्वेक्षक नेमण्याचा खर्च बोलीतून वसूल होतो, असा माझा अनुभव आहे. तो परवडत नसेल तरी पुढील गोष्टी मालकाला स्वतः पाहता येतात.

तळावर बसलेल्या बोटीत पाहण्याची पहिली जागा म्हणजे कीलचे मागचे टोक. बोट वेगात खडकाला धडकते तेव्हा कीलचे पुढचे टोक खाली ओढले जाते आणि मागचे टोक तळात वर रुतते, म्हणून मागच्या बाजूच्या सांध्यापाशी तडे जातात आणि आत बसवलेली आधारचौकट तळापासून सुटते. बाहेरून केवळ रंगावर एक बारीक रेघ दिसत असताना आत जमिनीच्या फळ्या उचलल्यावर चौकट दोन बोटे सुटलेली मी पाहिली आहे. फळ्या उचलून, कोरडे करून, कील तळाला धरणाऱ्या प्रत्येक बोल्टचे छायाचित्र घ्यावे. सांध्यातून गंजाचे लाल ओघळ येत असतील तर ते पुसू नयेत.

फायबरचा तळ प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जावे. घट्ट जागी आवाज टणक आणि स्पष्ट येतो. थर सुटलेल्या किंवा पाणी मुरलेल्या जागी तो बद्द होतो. बद्द जागेभोवती खडूने वर्तुळ काढून त्याच अवस्थेत छायाचित्र घ्यावे. ओलावा मोजणारे यंत्र उपयोगी असते, पण बोट पाण्याबाहेर काढून काही दिवस सुकल्यावर आणि शेवाळरोधक रंग छोट्या चौकोनांत खरवडल्यावरच. जुलैच्या दमट हवेत घेतलेली मोजणी कोणाच्याच कामाची नसते. सुकाणू हलवून पाहावे, त्याचा दांडा वाकला आहे का ते दोन्ही टोकांच्या हालचालीवरून समजते, आणि तळाशी सतत पाणी ठिबकत असेल तर सुकाणूच्या आत पाणी शिरले आहे असे समजावे.

डोलकाठी उभी असली तरी तिला धरणाऱ्या तारांचे वय लिहावे. स्टेनलेस स्टीलच्या उभ्या तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्या, असा सर्वसाधारण प्रघात आहे, आणि अपघाताचा झटका बसलेल्या तारांवर तर जाणकार खरेदीदार भरवसा ठेवतच नाही. तारा जिथे डेकमधून आत जातात त्या पट्ट्यांभोवतीचे प्लायवूड पेनाच्या टोकाने दाबून पाहावे. मऊ लागले तर गळती जुनी आहे.

इंजिनात खारे पाणी गेले असेल तर विक्रीचा विचार दुसऱ्या दिवशी करावा, इंजिनाचा आधी. गोड्या पाण्याने धुऊन, इंजेक्टर काढून, सिलिंडरमधले पाणी हाताने फिरवून बाहेर काढून, तेल पांढरट यायचे थांबेपर्यंत पुन्हापुन्हा बदलले तर इंजिन वाचू शकते. आठवडाभर तसेच ठेवले तर ते लोखंडाच्या भावाने जाते. काय केले, कधी केले आणि कोणी केले, याची तारीखवार वही ठेवावी. पाण्याखाली गेलेले वायरिंग मात्र चालू असले तरी बदलण्याजोगे आहे असेच लिहावे, कारण तांब्याच्या तारेत आवरणाखाली शिरलेला क्षार हळूहळू तार खात राहतो.

मुंबई परिसरातला खरेदीदार आणखी एक प्रश्न हमखास विचारतो: ३ जून २०२० रोजी निसर्ग आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आले, तेव्हा बोट कुठे होती? उत्तर तयार ठेवावे. ती त्या दिवशी यार्डात आधारांवर होती की पाण्यात नांगरलेली, आणि नंतर काही काम करावे लागले का, हे दोन ओळींत सांगता येते.

किंमत

तीन आकडे काढावेत. पहिला, खरेदीदार प्रत्यक्षात देईल तो: समजा, त्याच बनावटीची धडधाकट बोट २० लाख रुपयांना जाते आणि दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक ७ लाखांचे आहे. खरेदीदार २० मधून ७ वजा करून १३ लाख देत नाही. दुरुस्तीत न दिसलेले काही निघेल या भीतीपोटी आणि स्वतःच्या श्रमापोटी तो आणखी ३ ते ५ लाख कापतो. ही कपात आपल्या तपासणीवर आणि वर्णनावर अवलंबून असते. दुसरा आकडा सुट्या भागांचा: शिशाची कील असेल तर तिच्या वजनाला चांगला भाव असतो, ओतीव लोखंडाची असेल तर फारसा नाही, शिवाय ॲल्युमिनियमची डोलकाठी, विंच, शिडे, नांगर, इंजिन. यातून बोट तोडण्याची मजुरी आणि उरलेले फायबर हलवण्याचा खर्च वजा करावा, कारण जुन्या फायबरला भंगारवाला पैसे देत नाही, उलट मागतो. तिसरा आकडा म्हणजे यार्डाचे मासिक भाडे. चार महिने चांगल्या भावाची वाट पाहताना भाड्यातच किती गेले, हे लोक मोजत नाहीत.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती, दुसऱ्या आकड्याच्या जवळ ठेवावी आणि सुरुवातीची बोली त्याहून बरीच खाली. पहिली बोली लवकर पडली की दुसऱ्याला धीर येतो. राखीव किंमत पहिल्या आकड्याजवळ ठेवणारा मालक लिलाव संपल्यावर न विकलेली बोट घेऊन बसतो, आणि पुन्हा लावलेल्या लिलावात तीच बोट पाहून लोक विचारतात की पहिल्यांदा का गेली नाही.

काळही किंमतच आहे. माझ्या मते नादुरुस्त बोटीचा लिलाव दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लावावा. घेणाऱ्यासमोर मे महिन्यापर्यंतचा कोरडा काळ असतो आणि फायबरचे थर कोरड्या हवेतच नीट बसतात. एप्रिलमध्ये विकत घेणाऱ्याला माहीत असते की पावसाळाभर ताडपत्रीखाली भाडे भरायचे आहे. तो ते आपल्या बोलीतून कापतो. अपघातच मार्चमध्ये झाला असेल तर मात्र दिवाळीपर्यंत थांबण्यापेक्षा थोडे कमी घेऊन लगेच विकणे परवडते का, हे तिसऱ्या आकड्यावरून ठरवावे.

वर्णन आणि छायाचित्रे

जाहिरातीत नुकसानीचा उल्लेख पहिल्या तीन ओळींत असावा आणि नुकसानीची छायाचित्रे पहिल्या दहांत. सूर्यास्ताच्या उजेडात शिडे उभारलेले जुने छायाचित्र सर्वांत वर लावण्याचा मोह होतो; ते लावायचेच असेल तर शेवटी, तारखेसह. तळाचे पोचे टिपण्यासाठी सकाळचे तिरके ऊन चांगले, कारण दुपारच्या उजेडात खोलगटपणा दिसतच नाही. प्रत्येक तड्याशेजारी मोजपट्टी धरावी. एकदा लांबून आणि एकदा जवळून असे घ्यावे, म्हणजे जागा कळते. इंजिन थंड असताना ते सुरू करण्याची सलग, न कापलेली चित्रफीत दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते.

मजकूर साधारण असा असावा: «३१ फुटी फायबरची शिडाची यॉट, बांधणी २००४. मार्चमध्ये ओहोटीच्या वेळी खडकावर आपटली. कीलच्या मागच्या टोकाशी तळाला सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा तडा; आतली आधारचौकट दोन ठिकाणी सुटलेली. पाणी इंजिनाच्या निम्म्यापर्यंत चढले होते. इंजिन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतले, तेल तीनदा बदलले, त्यानंतर सुरू झाले; भार देऊन चालवलेले नाही. डोलकाठी सरळ, उतरवून ठेवलेली. उभ्या तारा २०१२ च्या, बदलाव्या लागतील. मुख्य शीड चांगले, पुढच्या शिडाची शिवण दोन जागी उसवलेली. सध्याच्या अवस्थेत पाण्यात सोडण्यास योग्य नाही.» शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. जे तपासलेले नाही ते «तपासलेले नाही» असेच लिहावे. «बहुधा ठीक» हे शब्द जाहिरातीत नकोत.

हे केवळ सौजन्य नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जाणूनबुजून केलेली लपवाछपवी हा कपट ठरतो आणि फसवला गेलेला खरेदीदार करार रद्द करू शकतो. तड्यावर पुट्टी भरून रंग मारला तर «जशी आहे तशी» हे शब्द विक्रेत्याला वाचवत नाहीत. उलट नुकसान सविस्तर लिहिलेले असेल तर तीच जाहिरात पुढे आपला पुरावा होते. लिलाव संपताच तिची प्रत जपून ठेवावी.

लिलावाचे नियम

मालविक्री कायदा, १९३० चे कलम ६४ लिलावाविषयी आहे आणि ऑनलाइन विक्रेत्यानेही ते ध्यानात ठेवावे. हातोडा पडेपर्यंत, किंवा रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत, बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. राखीव किंमत ठेवता येते, पण ती आहे हे जाहीर करता येते आणि करावे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क उघडपणे राखून ठेवलेला नसेल तर स्वतः बोली लावणे किंवा दुसऱ्याकरवी लावणे बेकायदा आहे, आणि किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावली तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो. म्हणजे चुलतभावाने दुसऱ्या खात्यावरून «जरा वर चढवणे» हा घरगुती उपाय पूर्ण व्यवहार घालवू शकतो.

संकेतस्थळ निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. बोलीदाराची ओळख तपासून त्याच्याकडून अनामत घेतली जाते का, शेवटच्या मिनिटांत बोली आली तर मुदत आपोआप वाढते का, आणि दलाली विक्रेत्याकडून घेतात की खरेदीदाराकडून. अनामत नसेल तर गंमत म्हणून बोली लावणारे येतात आणि जिंकून गप्प बसतात. मुदत दहा ते चौदा दिवसांची, मध्ये दोन रविवार येतील अशी ठेवावी आणि शेवट रविवारी संध्याकाळी करावा.

पाहणी, हलवणे आणि पैसे

पाहणीसाठी दोन्ही रविवार मोकळे ठेवावेत. बोट यार्डात आधारांवर उभी असेल तर शिडी बांधून घ्यावी आणि एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांना वर सोडू नये. बोट अजून खाडीत नांगरलेली असेल तर पाहणीची वेळ भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून द्यावी; आपल्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पुण्याहून आलेला माणूस जेट्टीवर तीन तास बसून राहिला तर तो बोली लावण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. पाहुण्याला कील ठोकून पाहू द्यावी, फळ्या उचलू द्याव्यात.

बोट कशी न्यायची हे खरेदीदाराने ठरवायचे असले तरी माहिती आपण द्यावी. ३१ फुटी यॉटची रुंदी तीन मीटरच्या आसपास असते आणि रस्त्यावर वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर असल्याने अशा वाहतुकीला जादा आकाराची परवानगी लागते. पाण्यातून ओढून न्यायची तर उधाणाची भरती पाहावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरती येते, तर भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत कीलला पुरेसे पाणी मिळेलच असे नाही. बोट वाशीच्या पुलाच्या उत्तरेला, ऐरोलीच्या बाजूला असेल तर डोलकाठी उतरवल्याशिवाय ती बाहेर येणार नाही, हेही लिहावे. म्हणूनच डोलकाठीची उंची, बोटीचे वजन, पाण्याखालची खोली आणि क्रेन कुठपर्यंत येते, हे चार आकडे जाहिरातीत असावेत, आणि क्रेनचा खर्च कोणाचा तेही.

रक्कम बँकेतूनच घ्यावी. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. दोन लाखांवरील रकमेसाठी आरटीजीएस चांगले; ते डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. पैसे जमा झाल्याचा संदेश किंवा पावतीचे छायाचित्र यांवर विसंबू नये, स्वतःच्या खात्यात शिल्लक पाहावी. «चुकून जास्त पाठवले, फरक परत करा» असे सांगणारा आणि पैसे देण्यासाठी आपल्यालाच पिन टाकायला लावणारा, दोघेही ठग असतात. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

बोटीच्या नुकसानीचा धोका साधारणपणे मालकीबरोबर खरेदीदाराकडे जातो, असे मालविक्री कायदा सांगतो. पण मालकी नेमकी कधी गेली यावरच वाद होतो, विशेषतः पैसे आले आहेत आणि बोट अजून आपल्याच यार्डात आहे अशा आठवड्यात वादळ आले तर. विक्रीपत्रात तारीख आणि वेळ लिहावी, उचलण्याची शेवटची तारीख लिहावी, त्यानंतरचे यार्डाचे भाडे खरेदीदाराचे असे लिहावे आणि तोवर विमा चालू ठेवावा. विक्रीपत्राला जाहिरातीची छापील प्रत जोडून तिच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. संकटसूचक बीकन (अपघातात मदतीचा संदेश पाठवणारे यंत्र) बोटीबरोबर देत असाल तर त्याची नोंदणी नव्या मालकाच्या नावे करवून घ्यावी; नाहीतर पुढे कधी तो वाजला की शोधपथकाचा फोन आपल्या घरी येईल.

लिलावात एकही योग्य बोली आली नाही तर महिनाभर थांबून, राखीव किंमत कमी करून एकदाच पुन्हा लावावे. तीही फसली तर बोट तोडून भाग वेगवेगळे विकावेत: कील, इंजिन, डोलकाठी, शिडे, विंच, या क्रमाने. तोडण्याचे काम यार्डाच्या फरशीवर, घासलेली धूळ गोळा करून करावे आणि उरलेल्या फायबरच्या विल्हेवाटीसाठी महापालिकेकडे विचारणा करावी. रिकामा सांगाडा रात्री भरतीत ओढून खारफुटीत सोडून देण्याचा सल्ला कोणीतरी नक्की देईल. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. शिवाय त्या सांगाड्यावरचा हल क्रमांक आपल्याच नावाशी जोडलेला असतो. शेवटचा तुकडा यार्डातून गेला की नोंदणी रद्द करण्याचा अर्ज द्यावा, विमा बंद करावा आणि त्या दोन्ही पोचपावत्या विक्रीपत्राच्या फायलीत लावून ठेवाव्यात.